विषय: 29 मेला शाळा, वह्यावाटप 31 ला (कृपया वाचा)

प्रेषक: सचिव

मंडळी,
आपल्या बेळगावकडच्या शाळा गुरुवारी 29 मे 2025 ला उघडताहेत. मामाच्या गावी गेलेली पोरं बुधवारी संध्याकाळपर्यंत घरी हवीत. पहिलीत नाव घालायला जन्मदाखला आणि आधार, दुसऱ्या शाळेतून येणाऱ्याला तिथला दाखला. पुस्तकं आणि गणवेश सरकारी शाळेत मिळतात, वह्या नेहमीप्रमाणे आपल्या मंडळाकडून. वाटप शनिवारी 31 ला, सकाळची शाळा सुटल्यावर. रविवारी 1 जूनला हिंडलग्याला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना अभिवादन करायला जायचं असतं, म्हणून त्या दिवशी काही ठेवलेलं नाही.

प्रेषक: वडगावच्या वहिनी

31 ला येणार कोण वो? माझी नणंद महाराष्ट्रात, चंदगडला, तिकडं शाळा 16 जूनला. आमची दोघं तिच्या पोरांबरोबर आंब्याच्या झाडावरून उतरायला तयार नाहीत. अर्ध्या गल्लीची हीच गत. गेल्या खेपेसारखे गठ्ठे उरतील आणि मंडळाच्या खोलीत ओल खात बसतील. 16 नंतरचा शनिवार धरा.

प्रेषक: येळ्ळूरचे गुरुजी (निवृत्त)

वहिनी, 16 पर्यंत इथं अडीच आठवडे उलटलेले असतात. सुरुवातीचे दिवस सेतुबंधाचे. मागच्या वर्षाचं किती डोक्यात उरलंय ते बघून कच्चं राहिलेलं परत शिकवतात. ज्याला त्याची सगळ्यात गरज, तोच नेमका चंदगडला. आपलं वर्ष कर्नाटकाच्या वेळापत्रकावर चालतं, नणंदेच्या नाही. आणि पहिल्याच आठवड्यात मराठी वर्ग ओस दिसला की दारोदारी फिरणाऱ्या इंग्रजी शाळांचं फावतं. शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकला 60 मुलांपर्यंत दोनच शिक्षक. एका गल्लीतली चार नावं गेली की कुठंतरी तिसरा गुरुजी गेलाच म्हणून समजा.

वाटप 31 लाच ठेवा. वही मिळणार म्हटल्यावर पोर आपणच आईचा पदर ओढतं.

प्रेषक: मस्कतहून

पैसे बुधवारी पाठवतो. पण यंदा वह्यांऐवजी रेनकोट का नकोत? खानापूरकडं जूनमध्ये छत्री उलटी होते. मी लहानपणी पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन शाळेला गेलोय.

प्रेषक: शहापूर गट

खरेदी आमच्याकडे आहे आणि ती झालेलीही आहे. गणपत गल्लीतून दुरेघी, चाररेघी, एकरेघी अशा घेतल्यात, बिलं सचिवांकडे. रेनकोट काढायचा तर आधी मापं कोण घेणार? मागं एकदा चौथीच्या पोराला पहिलीचा आला, तेव्हा बोलणी आम्हीच खाल्ली. दरवर्षी मे संपत आला की कुणाला तरी नवीन सुचतं.

प्रेषक: अनगोळच्या काकू

मध्येच विचारते. नातवाला 1 जूनला साडेपाच होतात. पहिलीत घेतील का? शेजारीण म्हणते सहा लागतात.

प्रेषक: येळ्ळूरचे गुरुजी

काकू, यंदा घेतील. 2025-26 साठी 1 जूनला पाच वर्षं पाच महिने पुरलेले चालतात. ही सवलत या एकाच वर्षापुरती, पुढच्या वर्षी सहा पूर्ण. शेजारणीचं म्हणणं त्या हिशेबानं बरोबर. तिकडं महाराष्ट्रात 31 डिसेंबर धरतात, म्हणून भाऊबंदांत घोळ होतो. पण खरं सांगू, घाई नसेल तर एक वर्ष बालवाडीत राहू दे. पेन्सिल धरताना बोटं दुखणारी पोरं मी पुष्कळ पाहिलीत.

प्रेषक: अनगोळच्या काकू

तो बालवाडीत बसायला तयार नाही. मोठ्या भावाला शाळेत अंडं मिळतं हे त्याला कळलंय.

प्रेषक: वडगावच्या वहिनी

अंडं नको असेल तर केळं देतात, आमच्या धाकटीला तेच.
बरं, 31 ला मी पोरांना आणते, नणंदेला रुसू दे. पण ज्यांची खरंच येणार नाहीत त्यांच्या वह्या शाळेतच बाईंकडे ठेवा, मंडळाच्या खोलीत नको. मागं वास किती दिवस गेला नव्हता.

प्रेषक: सचिव

ठीक. 31 ला वाटप, उरलेल्या वह्या वर्गशिक्षकांकडे सही घेऊन. रेनकोटांचा विषय बैठकीत घेऊ, मस्कतकरांनी तेवढ्यात कापडाचा भाव काढून ठेवावा.

प्रेषक: शहापूर गट

सही कुणाची? सह्यांची वही आमच्याकडे आहे.

प्रेषक: वडगावच्या वहिनी

गणिताच्या चौकटीच्या वह्या यादीत दिसल्या नाहीत. घेतल्यात ना?