जुना डी९० कॅमेरा विकू, की ठेवू?

धरमपेठकर:
दिवाळीत निकॉनचा झेड६-२ कॅमेरा घेतला. आता २००८ सालच्या मॉडेलचा निकॉन डी९०, ५० एमएम १.८डी आणि एएफ-एस ७०-३०० व्हीआर या दोन लेन्स पडून आहेत. गोरेवाड्याचे माझे सगळे पक्षी याच डी९० नं टिपलेत. अंगठ्याजवळचं रबर सुटलंय, पण शटरचा आवाज अजून खणखणीत. सीताबर्डीत एका दुकानात दाखवला, तर भाव ऐकून जीव तुटला. काय करावं?

मानेवाडा:
सगळं एका गठ्ठ्यात विकू नका. ७०-३०० एफटीझेड अडॅप्टरवर (जुन्या लेन्स झेड कॅमेऱ्याला जोडायचा तुकडा) ऑटोफोकससकट चालते, ती ठेवाच. ५० डी चं तसं नाही. तिच्यात फोकसची मोटर नाही, कॅमेऱ्याच्या बॉडीतली मोटर स्क्रूनं तिला फिरवते, अन् अडॅप्टरमध्ये ती सोयच नाही. झेडवर हातानं फोकस करत बसाल. डी९० मध्ये मोटर आहे, म्हणून ही जोडी तोडू नका. शिकणाऱ्या कुणाला तरी द्या, दुकानदाराला नाही.

काटोल रोड:
देण्याआधी लेन्समधून टॉर्च मारून आरपार बघा भाऊ. पावसाळाभर बॅगेत कोंडून राहिली की काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. दिसली तर ती लेन्स बाकीच्यांपासून लांब ठेवा. अन् पडून राहणार असेल तर बॅटरी काढा.

धरमपेठकर:
बघितलं, दोन्ही स्वच्छ आहेत. भाची अकरावीत आहे, केव्हाची मागे लागली होती. डी९०, ५० आणि ३२ जीबीचं एसडीएचसी कार्ड तिला. ७०-३०० मात्र देणार नाही. रविवारी तिला अंबाझरीला नेतो, ऑटो मोड बंद करूनच हातात देईन.