मर्यादा नव्हे, उंबरठाच

इंग्रजी 'थ्रेशोल्ड' (threshold) या शब्दासाठी मराठीत सरसकट 'मर्यादा' वापरावं असं कुणीतरी सुचवलंय, ते मला पटत नाही. मर्यादा पाळायची असते, उंबरठा ओलांडायचा. नवी नवरी माप ओलांडते तेव्हा पलीकडे काहीतरी सुरू होतं. शास्त्रातल्या थ्रेशोल्डचंही बहुतेक तसंच असतं.

चेतापेशीचंच (शरीरात संदेश वाहणाऱ्या पेशीचंच) घ्या. स्वस्थ असताना तिचा विद्युतदाब साधारण उणे ७० मिलिव्होल्ट. तो उणे ५५ च्या आसपास चढला की संदेश सुटतो, तोही पूर्ण ताकदीने. त्याच्या अलीकडे कितीही घुटमळा, काही नाही. 'अर्धा संदेश' हा प्रकारच नसतो. प्रकाशविद्युत परिणामातही, म्हणजे प्रकाश पडून धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात त्यातही, तेच: जस्तावर नेहमीच्या तांबड्या दिव्याचा कितीही झगमगाट केला तरी इलेक्ट्रॉन हलत नाही, पण मंद अतिनील किरणही त्याला बाहेर काढतो. (यातली मेख आइनस्टाइनने १९०५ मध्ये उलगडली.)

श्रवणचाचणीत मात्र गंमत होते. वडिलांच्या रिपोर्टात थ्रेशोल्ड (म्हणजे ऐकू येणारा सगळ्यात हळू आवाज) ४५ डेसिबल होता आणि ते खूश, कारण त्यांना ते मार्क वाटले! तिथे आकडा जितका मोठा तितका कान कमजोर. आवाजाला आत शिरायला उंबरा उंच झाला, असं सांगितल्यावर लगेच कळलं.

निवडणुकीचा अर्थ राहिलाच. जर्मनीत संसदेत पक्षाच्या उमेदवार-यादीतून जागा मिळवायला पक्षाला सर्वसाधारणपणे ५ टक्के मतं लागतात, इस्रायलमध्ये ३.२५. इथे 'किमान मतांची अट' म्हणणंच बरं. उंबरठा म्हटलं तर लोकांना मतांसाठी झिजवलेले उंबरठे आठवतील.