जड प्रहर कसा काढला? केमोसाठी रुग्णालयात राहिलेल्यांचे अनुभव

केमोथेरपीसाठी भरती झालेल्या माणसाला भेटायला येणारा प्रत्येक जण ‘सकारात्मक राहा’ असे सांगून जातो. पण दुपारी तीन वाजता, वर्तमानपत्र दोनदा वाचून झाल्यावर आणि सलाईन अजून अर्धे शिल्लक असताना नेमके काय करून सकारात्मक राहायचे, हे कोणी सांगत नाही. म्हणून या धाग्यासाठी प्रश्न मुद्दाम छोटा ठेवला आहे. दिवसातला कोणता प्रहर तुम्हांला सर्वांत जड गेला आणि तो तुम्ही कसा काढला? औषधोपचाराचे सल्ले इथे नकोत, ते ज्याच्या त्याच्या डॉक्टरांकडे राहू द्यावेत. सुरुवात माझ्यापासून करते.

मला एएमएल हा रक्ताचा कर्करोग झाला होता. पहिल्या उपचाराला ‘सात अधिक तीन’ म्हणतात, कारण त्यात सायटाराबिन सात दिवस अखंड चालते आणि त्यांपैकी तीन दिवस डॉनोरुबिसिन दिले जाते. ऐकायला आठवडाभराचे काम वाटते. प्रत्यक्षात औषध संपल्यावरच खरा मुक्काम सुरू होतो, कारण रक्तपेशी तळाला जाऊन पुन्हा वर येईपर्यंत तीन-चार आठवडे त्याच खोलीत राहावे लागते. मी पुण्यात एकतीस दिवस होते. जंतुसंसर्गाच्या भीतीने खोलीत फुले नाहीत, कोशिंबीर नाही, धाकट्या भाचीला प्रवेश नाही.

माझा जड प्रहर पहाटेचा होता. साडेचारला सिस्टर रक्त घेऊन जात आणि काउंट, म्हणजे रक्तपेशींचे आकडे, कळायला दहा वाजत. त्या साडेपाच तासांत मी मनातल्या मनात सगळे वाईट आकडे पाहून घेत असे. आठव्या दिवशी सोबतीला असलेल्या भावाने कंटाळून विचारले, “ताई, आज प्लेटलेट किती येतील, पैज लाव.” मी म्हटले अठरा हजार, तो म्हणाला बावीस, आल्या अकरा हजार. निरोगी माणसाच्या दीड लाखाच्या पुढे असतात, तेव्हा अकरा हजार ही हसण्याची बाब नव्हतीच, पण आम्ही दोघेही हरलो याचेच आम्हांला हसू आले. त्यानंतर रोज पैज लागू लागली आणि हरणाऱ्याने दुसऱ्याला लहानपणची एक लपवलेली गोष्ट सांगायची, असे ठरले. वडिलांच्या स्कूटरच्या आरशाचे खरे काय झाले, हे मला वयाच्या अडतिसाव्या वर्षी कळले. आकडा तोच राहिला, वाईट असायचा तेव्हा वाईटच असायचा. परंतु त्याची वाट पाहणे निराळे झाले. प्लेटलेट फार खाली गेल्या की भावाचे मित्र एसडीपी, म्हणजे एकाच दात्याकडून यंत्राने काढून घेतलेल्या प्लेटलेट, द्यायला येत. यंत्रावर तासा-दीड तास पडून राहून त्यांनी दिलेली ती पिवळसर पिशवी टांगली गेली की आम्ही तिला देणाऱ्याच्या नावाने हाक मारत असू.

*

निवृत्त एसटी वाहक, अमरावती

मला मोठ्या आतड्याचा कर्करोग होता. शस्त्रक्रियेनंतर दर चौदा दिवसांनी भरती व्हायचे, आधी दोन तास ऑक्झालिप्लॅटिन आणि मग छातीत त्वचेखाली बसवलेल्या पोर्टमधून (औषध सोडण्याच्या कुपीतून) शेहेचाळीस तास दुसरे औषध पंपाने घ्यायचे, अशा बारा फेऱ्या होत्या. ऑक्झालिप्लॅटिनचा एक विचित्र गुण असा की गार वस्तू सहन होत नाही. खाटेच्या लोखंडी कठड्याला हात लागला तरी टाचण्या टोचाव्यात तशी बोटे झिणझिणत आणि माठातले पाणी गिळताना घसा आवळल्यासारखा होई. काही केमोंमध्ये तोंड येऊ नये म्हणून बर्फ चघळायला देतात असे मी शेजारच्या खाटेवरून ऐकले होते. मला मात्र सिस्टरनी बर्फापासून चार हात लांब राहायला सांगितले होते. सौ. घरून हातमोजे घेऊन आल्या, तेही मे महिन्यात, त्यामुळे वॉर्डात माझी चांगलीच ओळख झाली.

माझा जड प्रहर एक नव्हता, ते अख्खे शेहेचाळीस तासच होते. पंप दर काही सेकंदांनी बारीक आवाज करतो आणि पडद्यावर उरलेले मिलिलिटर दिसतात. दुसऱ्या फेरीला मला सुचले की आपण बत्तीस वर्षे गाडीवर काढली, तर हीसुद्धा एक फेरीच समजावी. मग मी नागपूर ते मुंबई अशी जुनी वाट पंपाच्या तासांवर बसवली. अमरावती, अकोला, खामगाव, मलकापूर, भुसावळ, जळगाव, धुळे, मालेगाव, नाशिक. प्रत्येक थांब्याला किती तास लागतात ते वहीच्या मागच्या पानावर लिहिले. इतकी रेंगाळणारी गाडी महामंडळाच्या इतिहासात झाली नसेल, पण तिला थांबे होते हे महत्त्वाचे. मळमळ सुरू झाली की मी म्हणे, खामगावचा रस्ता खराबच आहे. चौथ्या फेरीपासून समोरच्या खाटेवरचे गृहस्थ सकाळी उठल्या उठल्या विचारू लागले, “मास्तर, गाडी कुठवर आली?” आणि रात्रपाळीच्या सिस्टर पंप बंद करायला आल्या की “मुंबई सेंट्रल, उतरून घ्या” असे म्हणत. दहाव्या फेरीला समोरची खाट रिकामी होती. मी कारण विचारले नाही. त्या फेरीत गाडी चालवली नाही, नुसता पडून राहिलो, हेही इथे लिहिले पाहिजे.

*

एक आई, चिपळूण

माझ्या मुलाला नवव्या वर्षी लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग झाला. उपचाराच्या एका टप्प्यात जास्त मात्रेचे मेथोट्रेक्सेट देतात. हळदीच्या पाण्यासारखे पिवळे दिसणारे हे औषध शरीरातून वेळेत बाहेर जावे म्हणून भरपूर सलाईन चालू असते, लघवीचा पीएच (आम्लता दाखवणारा आकडा) सातच्या खाली जाऊ द्यायचा नसतो आणि रक्तातली पातळी पुरेशी उतरल्याशिवाय घरी सोडत नाहीत. म्हणजे प्रत्येक लघवी मापायची, पट्टी बुडवायची, रंग जुळवून आकडा लिहायचा, मग रात्रीचे दोन का वाजले असेनात.

झोपेतून उठवले की तो चिडून रडत असे आणि तोच आमचा जड प्रहर होता. शेवटी मी ते काम त्याच्याच हाती दिले. सिस्टरांनी त्याच्या खाटेला वहीचा कागद चिकटवला आणि त्याने त्यावर क्रिकेटचा धावफलक आखला: सात म्हणजे चौकार, साडेसात म्हणजे षटकार, सातच्या खाली गेला तर बाद. बाद झाल्यावर सलाईनमधून सोडा वाढवला जाई, त्याला तो ‘फ्री हिट’ म्हणे. नऊ वर्षांच्या मुलाला लढायचे आहे, शूर व्हायचे आहे असे सांगणे मला कधी जमले नाही. धावा मोजायला सांगणे जमले. चव गेली होती, स्टीलच्या चमच्याने प्रत्येक घास लोखंडासारखा लागे, म्हणून लाकडी चमचा आणला आणि गरम मऊ भात-मेतकूट त्या चमच्याने निदान चार घास तरी जाऊ लागला.

*

लिम्फोमाची (लसिका ग्रंथींच्या कर्करोगाची) माजी रुग्ण, ठाणे

वरचे अनुभव वाचून आनंद झाला, तरी एक वेगळी बाजू मांडते. मला खेळ, पैजा, विनोद यांतले काहीच जमले नाही. माझ्या उपचारात प्रत्येक फेरीचे पहिले पाच दिवस प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या होत्या. त्या दिवसांत मला झोप येत नसे, अखंड भूक लागे आणि मी इतकी बडबड करत असे की घरच्यांना वाटले, हिची उमेद काय दांडगी आहे! गोळ्या थांबल्या आणि सहाव्या-सातव्या दिवशी मी भिंतीकडे तोंड करून रडत पडले. नातेवाईक म्हणाले, आता खचलीस तर कसे चालेल. नेमक्या त्याच वेळी काउंट घसरून ताप आला आणि पुन्हा भरती व्हावे लागले.

तिथल्या एका तरुण निवासी डॉक्टरांनी खुर्ची ओढून समजावले की हा चढ आणि हा उतार बराचसा गोळ्यांचा असतो आणि पुढच्या फेरीलाही याच दिवसांत येण्याची शक्यता आहे. मला त्या एका वाक्याने जेवढा धीर आला तेवढा कोणत्याही शुभेच्छेने आला नव्हता. मी कॅलेंडरवर ते दोन दिवस पेन्सिलीने काळे केले आणि नवऱ्याला सांगून ठेवले की या दिवशी पाहुणे नकोत, गोमूत्राचे आणि कुठल्याशा पाल्याच्या रसाचे सल्ले तर नकोतच, आणि मी रडले तर शेजारी बसून खुशाल मोबाइल पाहावा. रडून झाले की आठव्या दिवशी मी आपोआप चहा मागत असे.

*

परिचारिका, कर्करोग विभाग, कोल्हापूर

थोडेच लिहिते. आनंदी दिसण्याच्या नादात रुग्ण आमच्यापासून त्रास लपवतात, कारण मळमळ सांगितली तर केमो थांबवतील अशी भीती असते. मळमळीवर दुसरे औषध देता येते, त्या औषधाने पोट साफ होत नसेल तर त्यावरही इलाज असतो. तेव्हा फेरीला आलेल्या सिस्टरांना ‘बरी आहे’ एवढेच म्हणू नये. झोप आणि खाण्याची इच्छा दोन आठवडे गेलेली असेल आणि मन कशातच लागत नसेल, तर तेही तापाइतक्याच सरळपणे सांगावे, समुपदेशकांना बोलावता येते. आणि सोबतीच्या माणसाला दिवसातून एकदा खाली जाऊन जेवू द्यावे. रात्री तीन वाजता आम्ही जाग्याच असतो, बेल वाजवायला संकोच करू नये.

*

सध्या भरती, नाशिक

हा धागा खाटेवरून वाचत आहे. ‘सात अधिक तीन’चा आज बारावा दिवस. इथे संध्याकाळचे सात वाजले आहेत, भेटीची वेळ संपून मजल्यावरची लिफ्ट शांत झाली की मला सर्वांत जड जाते. सोबतीला वडील आहेत, ते फारसे बोलत नाहीत. आत्ता त्यांना पहिला अनुभव वाचून दाखवला. बराच वेळ गप्प राहून ते म्हणाले, “चौदा हजार.” मी नऊ हजार सांगितले आहेत.