आत्महत्या: कारणं शोधत बसायचं की आधी वेळ मिळवायचा?

आडवाट (धागाकर्ता)

आधी एक. तुमच्या मनात आत्ता असे विचार येत असतील तर हा वाद राहू द्या. एकटे बसू नका, घरातल्या किंवा ओळखीच्या एका माणसाला स्पष्ट शब्दांत सांगा, नाहीतर मदतवाहिनीला फोन लावा. धागा कुठे पळून जात नाही.

आता मुद्दा. आत्महत्येची बातमी आली की दुसऱ्या दिवशी कारण ठरलेलं असतं: कर्ज, परीक्षा, प्रेमभंग. त्याच्या मागोमाग समाजचिंतक येतात आणि "संस्कृतीच पोखरली गेलीय" असा निकाल देतात. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१चा अंदाज वर्षाला सुमारे ७,२७,००० मृत्यूंचा आहे. त्यातले जवळपास तीन चतुर्थांश कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले. एवढ्या वेगवेगळ्या संस्कृतींना एकच रोग झाला म्हणायचा का?

जपान पाहा. तिथे मानासाठी मरण पत्करायची परंपराच आहे, हे वाक्य प्रत्येकाच्या तोंडी असतं. तिथला आकडा १९९७मध्ये २४ हजारांच्या घरात होता, १९९८मध्ये ३२ हजारांच्या वर गेला. २००३मध्ये ३४,४२७ आणि २०१९मध्ये २०,१६९. परंपरा एका वर्षात चढत नाही आणि सोळा वर्षांत उतरत नाही.

आता श्रीलंका. १९९५पासून तिथे अतिविषारी गटातली कीटकनाशकं टप्प्याटप्प्याने बाजारातून काढली. पुढच्या वीस वर्षांत आत्महत्येचा दर ७० टक्क्यांच्या आसपास खाली आला, आणि त्यातली बरीच वर्षं देशात यादवी युद्ध चालू होतं. इंग्लंड-वेल्समध्ये १९६३ साली ५,७१४ आत्महत्या होत्या, १९७५मध्ये ३,६९३. मधल्या काळात घरोघरचा विषारी कोळसा-वायू जाऊन नैसर्गिक वायू आला होता. लोक अचानक सुखी झाले होते असं कोणीही म्हणत नाही.

म्हणून माझं मत: साधन हाताशी नसणं आणि मधला वेळ मिळणं, यावर आधी पैसा आणि माणसं लावा. कारणमीमांसा मागाहून.

---

निशिगंध

साफ असहमत. जपानचं उदाहरण तुमच्याच अंगावर येतंय हे लक्षात आलं नाही का? १९९८ला काय झालं होतं? वित्तसंस्था कोसळल्या, कामावरून माणसं कमी झाली, आणि आकडा उडी मारून वर गेला तो मध्यमवयीन पुरुषांमध्ये. हे सामाजिक कारण नाही तर काय आहे? आणि तो खाली आला तेव्हा २००६चा आत्महत्या प्रतिबंधाचा मूलभूत कायदा होता. त्याच वर्षी सावकारी कर्जाचे नियम बदलले, पुढे व्याजाची पळवाट बंद झाली, कर्ज-सल्ला केंद्रं या कामाला जोडली गेली. कुलपं लावून हे झालेलं नाही.

इंडोनेशियात गरीब कुटुंबांना थेट रोख मदत दिली, ती वेगवेगळ्या तालुक्यांत वेगवेगळ्या वेळी पोचली, त्यामुळे तुलना करता आली. आत्महत्या १८ टक्क्यांनी कमी भरल्या. युरोपातल्या २००९च्या एका अभ्यासात बेकारी एक टक्का वाढली की ६५ वर्षांखालच्या आत्महत्या ०.७९ टक्क्यांनी वाढलेल्या दिसल्या. जिथे काम गेलेल्यांना परत कामाला लावायच्या योजनांवर खर्च जास्त, तिथे हा परिणाम बोथट.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ डुर्खाइमने १८९७मध्ये एक गोष्ट मांडली होती, ती अजून शिळी झालेली नाही. माणसाचा समाजाशी धागा फार सैल झाला तरी धोका, आणि फार करकचून आवळला तरी धोका. आपण नेहमी सैल धाग्याबद्दलच रडतो, "एकत्र कुटुंबं राहिली नाहीत हो". आवळलेल्या धाग्याचं काय? जिथे लग्न मोडणं हे मरणापेक्षा वाईट मानलं जातं, तिथे "कुटुंबाचा आधार" हाच फास असतो.

---

दोनचाकी

दोघांनाही एकच प्रश्न. ज्याला जायचंच आहे त्याला कोण अडवणार? एक दार बंद केलं तर तो दुसरं शोधेल. आणि विषय काढला तर नसलेला विचार डोक्यात घातल्यासारखं होईल. अनेकांना हेच वाटतं, मी फक्त टंकतोय.

---

आडवाट

@दोनचाकी, बरं झालं विचारलंत.

"ज्याला जायचंच आहे" हे गृहीतच चुकीचं आहे. अमेरिकेतल्या एका पुलावर (नाव मुद्दाम देत नाही, जागा प्रसिद्ध करणं हाही धोकाच) १९३७ ते १९७१ या काळात अडवलेल्या ५१५ जणांचा पुढे माग काढला. १९७८मध्ये निष्कर्ष आला: सुमारे ९४ टक्के लोक एकतर जिवंत होते किंवा नैसर्गिक कारणाने गेले होते. म्हणजे बहुतेकांनी "दुसरं दार" शोधलं नाही. तीव्र लाट येते, चढते आणि ओसरते. ती ओसरेपर्यंत माणूस आणि साधन यांत अंतर ठेवायचं, इतकंच.

विचारण्याबद्दल: न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांमध्ये २,३४२ विद्यार्थ्यांवर हे तपासलं. २००५मध्ये प्रसिद्ध झालं. निम्म्यांना थेट प्रश्न विचारले, निम्म्यांना नाही. विचारलेल्यांचा त्रास वाढला नाही. आधी प्रयत्न करून बसलेल्या मुलांचा उलट थोडा कमीच भरला.

---

उंबरठा

विचारायचं कसं, यावर मराठीत नीट लिहिलेलं सापडत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

सर्वांत घातक प्रश्न म्हणजे "तसलं काही डोक्यात नाही ना?" हा "ना" समोरच्याच्या तोंडी "नाही" कोंबतो. प्रश्न नव्हेच तो, विनंती आहे, की कृपा करून नाही म्हण. "वेडंवाकडं काही करू नकोस हं" हेही तसंच, यात तर प्रश्नही नाही. विचारायचं ते असं: "इतका त्रास होतोय तर कधी जगणं नको वाटतं का? जीव द्यायचा विचार येतो का?" हेच शब्द, याच क्रमाने. मग थांबायचं. उत्तराला वेळ लागतो. मधल्या शांततेत आपणच बोलायला लागलो की दार बंद.

"हो" आलं तर पुढचे तीन: किती वेळा येतो, कसं करायचं हे ठरवलंय का, ते साधन जवळ आहे का. विचार वारंवार येत असेल, कसं ते ठरलेलं असेल आणि साधन जवळ असेल तर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचं. "सोमवारची वेळ मिळालीय" हे चालणार नाही.

"हो" ऐकल्यावर लोक घाबरून शपथ घालतात, "माझी शपथ आहे, असं करणार नाहीस". शपथ किंवा "करणार नाही" असं लिहून घेणं यांनी आत्महत्या टळतात, याला पुरावा नाही. उलट मोडलेल्या शपथेची लाज वाढते आणि पुढच्या वेळी माणूस सांगतच नाही.

त्याऐवजी सुरक्षा आराखडा करायचा. स्टॅनली आणि ब्राउन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी बसवलेली ही पद्धत एका कागदावर मावते, पायऱ्या सहा. पहिली, लाट येतेय हे कशावरून कळतं. इथे "वाईट वाटतं" लिहून भागत नाही. "दोन रात्री झोप नाही आणि फोन उचलणं बंद" असं लिहायचं. दुसरी, एकट्याने करता येईल अशी गोष्ट. तिसरी, जिथे चार माणसं असतात अशी जागा किंवा मन दुसरीकडे नेणारी व्यक्ती. तिथे विषय काढायची सक्ती नाही. चौथी, ज्यांच्याजवळ हे बोलता येतं त्यांची नावं आणि नंबर. पाचवी, डॉक्टर, रुग्णालय, मदतवाहिनी. सहावी, घर सुरक्षित करणं. पायऱ्या ओळीने चढायच्या, पण लाट मोठी असेल तर थेट पाचवीवर जायचं. हे कागदावरच लिहून ठेवायला हवं.

चुका कुठे होतात? दुसऱ्या पायरीवर "सकारात्मक विचार करणे" लिहितात. ज्याला ते जमत असतं त्याला कागद लागलाच नसता. "ओला टॉवेल पिळून तोंड पुसणे, ठरलेल्या तीन गाण्यांची यादी लावणे" इतकं बारीक हवं. चौथीत ज्यांचं नाव लिहिलं त्यांना कोणी कळवलेलंच नसतं. रात्री दोनला फोन गेला की "सकाळी बोलू". आणि सहावी पायरी संकोचाने कोरी राहते, खरं तर तिथेच सगळ्यांत जास्त वेळ द्यायला हवा. औषधं आठवड्यापुरतीच घरात, बाकीची दुसऱ्याकडे. कीटकनाशक, शस्त्र असेल तर घराबाहेर, निदान कुलपात. किल्ली कोणाकडे आणि ते परत कधी, हेही त्याच माणसाशी बोलून ठरवायचं. न सांगता सामान हलवलं की विश्वास जातो.

अमेरिकेत २०१८च्या अभ्यासात १,६४० रुग्णांची तुलना झाली. आपत्कालीन विभागातून सोडताना आराखडा आणि पाठोपाठ फोन मिळालेल्या गटात सहा महिन्यांत आत्मघाती वर्तन सुमारे ४५ टक्के कमी होतं.

---

निशिगंध

@उंबरठा, उत्तम लिहिलंय, पण किल्ली कोणाकडे? सासरच्यांकडे? नवऱ्याकडे? ज्या घरात मारहाण होते त्या घरात "विश्वासू कुटुंबीय" हा रकाना भरायचा कसा? चौथी आणि सहावी पायरी घर चांगलं आहे असं धरून चालते. आवळलेला धागा मी म्हटलं ते हेच. चीनमध्ये १९९०च्या दशकात ग्रामीण स्त्रियांचा दर पुरुषांपेक्षा जास्त होता, जगात अपवादच. स्त्रिया शहरांत कामाला जाऊ लागल्या तसा तो कोसळला. कोणी त्यांच्याशी आराखडे केले नव्हते.

---

उंबरठा

मान्य, रास्त आक्षेप आहे. म्हणूनच घरच्यांना आत बोलवायच्या आधी त्या व्यक्तीशी एकांतात बोलणं ही अट असते आणि "घरात कोणाची भीती वाटते का" हा प्रश्न तिथेच विचारायचा असतो. उत्तर "हो" असेल तर चौथ्या पायरीवर घराबाहेरची माणसं आणि पाचवीवर निवारा आणि कायदेशीर मदत. कागदही घरात ठेवायचा नाही.

चीनच्या उदाहरणात मात्र एक अडचण आहे. गाव सोडल्यावर त्या स्त्रिया सासरच्या कटकटीपासून दूर गेल्या, तशाच घराच्या कोपऱ्यात ठेवलेल्या कीटकनाशकापासूनही. तुमचा मुद्दा आणि धागाकर्त्याचा मुद्दा, दोन्ही त्यात बसतात.

---

अनुस्वार

एवढा वाद वाचून वाटतं की दोघं दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देताय. "या वर्षी आकडा का वाढला" आणि "या माणसाला आज कसं वाचवायचं" हे प्रश्न एक नव्हेत. बेकारीने पहिला समजतो, दुसरा नाही, कारण बेकारांतले बहुतेक जण असं काही करत नाहीत. २०१७मध्ये पन्नास वर्षांतले ३६५ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा धोक्याच्या कोणत्याही ठरावीक घटकावरून केलेलं भाकीत नाणेफेकीपेक्षा जेमतेम बरं निघालं. त्यामुळे "जास्त धोका / कमी धोका" असे शिक्के मारून कमीवाल्यांना घरी धाडणं बंद व्हायला हवं.

थोडं शब्दांबद्दल. "कर्जाला कंटाळून" या दोन शब्दांत एका माणसाचं सगळं आयुष्य एका कारणात कोंबलं जातं, आणि तसंच कर्ज असलेल्या वाचकाला हाही एक मार्ग आहे असं सुचवलं जातं. "जीवनयात्रा संपवली" मध्ये तर चक्क तीर्थयात्रेचा वास आहे. व्हिएन्नात भुयारी रेल्वेतल्या घटनांच्या भडक बातम्या १९८७मध्ये मार्गदर्शक सूचना देऊन थांबवल्या. त्या वर्षाच्या उत्तरार्धात तिथल्या अशा घटना सुमारे तीन चतुर्थांशाने कमी झाल्या. ना कीटकनाशक हटवलं, ना बेकारी. उलट बाजूही आहे: संकटातून सावरलेल्या माणसाची बातमी वाचकाला आधार देते, हे २०१०च्या ऑस्ट्रियन अभ्यासात दिसलं. अशा बातम्या छापायला मात्र कोणी पुढे येत नाही.

---

दोनचाकी

मग डॉक्टर, शिक्षक, पोलिस सगळ्यांना एकेक शिबिर द्यावं. सुटला प्रश्न.

---

अनुस्वार

शिबिरांनीच तर घात केलाय. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर १९८३-८४मध्ये तिथल्या डॉक्टरांना नैराश्य ओळखायचं प्रशिक्षण दिलं. आत्महत्या कमी झाल्या, मुख्यतः स्त्रियांमध्ये. पुरुष डॉक्टरकडे यायचेच नाहीत. तीन वर्षांत परिणाम विरला, कारण शिकलेले काही बदलून गेले आणि उरलेले विसरले. दर दोन-तीन वर्षांनी उजळणी नसेल तर शिबिराचा खर्च हा फोटोंचा खर्च.

शाळांतही तेच. युरोपातल्या दहा देशांत ११,११० विद्यार्थ्यांवर तीन पद्धती तपासल्या. फक्त शिक्षकांना "लक्षणं ओळखा" शिकवून विशेष फरक पडला नाही. मुलांनीच भूमिका वठवून, गटात बोलून केलेल्या कार्यक्रमात वर्षभराने प्रयत्नांची नोंद जवळपास निम्मी होती.

---

आडवाट

बरं, रोख मदत आणि कर्जाचे नियम यांचा परिणाम मी कमी लेखला, हे मागे घेतो. पण "संस्कृती" हा शब्द मागे घेत नाही. लाज म्हणा, बेकारी म्हणा, मारहाण म्हणा. ज्याला नाव आहे त्यावर उपाय करता येतो. संस्कृतीवर फक्त परिसंवाद होतात.

---

निशिगंध

लाजेला नाव आहे हे तुम्ही कबूल केलंत, तेवढं पुरे. तुमच्या कुलपाची किल्ली शेवटी लाज बाजूला ठेवूनच मागावी लागते.

---

उंबरठा

मला उरलेली एकच गोष्ट लिहायचीय, ती सगळ्यांत स्वस्त आहे. प्रयत्नातून वाचून रुग्णालयात आलेल्या १,८६७ जणांवर पाच देशांत जागतिक आरोग्य संघटनेने एक प्रयोग केला, २००८मध्ये तो प्रसिद्ध झाला. एका गटाला नेहमीचे उपचार. दुसऱ्याला त्यासोबत सोडताना तासाभराची बातचीत आणि मग नऊ वेळा फोन किंवा भेट: पहिला, दुसरा, चौथा, सातवा, अकरावा आठवडा, मग चौथा, सहावा, बारावा आणि अठरावा महिना. दीड वर्षात पहिल्या गटात आत्महत्येने २.२ टक्के गेले, दुसऱ्यात ०.२ टक्के.

सुरुवातीचे फोन दाट आहेत, कारण रुग्णालयातून सुटल्यावरचे पहिले आठवडे सर्वांत नाजूक असतात. प्रत्यक्षात कोलमडतं ते चौथ्या महिन्यानंतर: माणूस बरा दिसतो, नंबर बदललेला असतो, आणि फोन करायचा कोणी हे कुणाच्याच नावावर नसतं. म्हणून घरी सोडण्याच्या कागदावर नऊही तारखा तिथेच लिहायच्या, प्रत्येक तारखेपुढे फोन करणाऱ्याचं नाव आणि ती व्यक्ती नसेल तर दुसरं नाव. रुग्णाचे दोन नंबर घ्यायचे, त्यातला एक त्याने स्वतः निवडलेल्या माणसाचा. फोन उचलला नाही तर त्याच दिवशी दुसऱ्या नंबरवर.