मदत हवी आहे: ट्रॅपेझियमचे पाचवे-सहावे तारे कसे पकडायचे?

मंडळी, अंबाजोगाईजवळ शेतातून ६ इंची डॉब्सोनियन दुर्बिणीने (आरशाची, नाभीय अंतर १२०० मिमी) मृगातला तेजोमेघ, एम ४२, बघतोय. सुमारे १३५० प्रकाशवर्षांवर, आणि त्याच्या मध्यभागी वायूत नुकताच जन्मलेला तारकापुंज, ट्रॅपेझियम! १० मिमी आयपीसने (डोळ्याकडच्या भिंगाने) ट्रॅपेझियमचे चार तारे टाचणीने टोचल्यासारखे स्वच्छ दिसतात. पण ११व्या प्रतीच्या आसपासचे, म्हणजे बरेच अंधुक, ई आणि एफ हे पाचवे-सहावे तारे काही केल्या दिसेनात. चारांतल्या सर्वांत तेजस्वी 'सी' ताऱ्याच्या झगमगाटात हरवतात.

दुर्बीण तापलेल्या पत्र्याच्या खोलीतून काढतो. अर्ध्या तासाने प्रतिमा स्थिरावते, तोवर आयपीसवर दव. उपरण्याने पुसलं तर आणखी बिघडतं (आबा हसतात ते वेगळंच).

दोष आरशांच्या जुळणीचा की हवेचा? २एक्स बार्लो (प्रतिमा दुप्पट मोठी करणारी भिंगनळी) घ्यावी का? दवावर घरगुती उपाय?