सबमिशन जवळ आलं की फोन हातातून सुटतच नाही, हे व्यसन आहे का?

अर्धी_आकृती:
सेकंड इयरला आहे. तसा मी फोनवेडा वगैरे नाही, सुट्टीत घरी असलो की फोन कुठेतरी चार्जिंगला पडलेला असतो, आठवणही येत नाही. पण सबमिशन नाहीतर इंटर्नल जवळ आली की काय होतं कळत नाही. काल जर्नल उघडलं, एक आकृती अर्धी काढली, पेन्सिलला टोक करायला उठलो आणि परत बसलो तर हातात पेन्सिल नाही, फोन. मग रील्स, मग थेट पावणेतीन. अ‍ॅप दोनदा उडवून झालं, तिसऱ्या दिवशी परत टाकतो. कहर म्हणजे अ‍ॅप नसताना पण अंगठा बरोबर त्याच जागी जायचा, तिथे आता कॅल्क्युलेटर आलाय तर तोच उघडून बघत बसायचो 😅 आई म्हणते फेकून दे तो फोन. रूममेटशी बोलणं म्हणजे 'लाइट बंद करू का' एवढंच. याची काही टेस्ट असते का?

एमए_चालू_आहे:
असते. स्मार्टफोन अ‍ॅडिक्शन स्केल म्हणून एक आहे, कोरियातली, 2013 ची. तिच्या छोट्या आवृत्तीत 10 वाक्यं, प्रत्येकाला 1 ते 6 मार्क, म्हणजे एकूण 10 ते 60. मुलांना 31 आणि मुलींना 33 अशी रेषा ठरवली होती पण ती तिथल्या शाळकरी मुलांवरून, त्यामुळे 34 आले म्हणून रडत बसू नको. आणि व्यसन म्हणशील तर आयसीडी-11 मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, गेमिंगचा विकार आहे, स्मार्टफोनचा असा वेगळा आजार नाही, म्हणून बरेच जण 'प्रॉब्लेमॅटिक यूज' असा सावध शब्द वापरतात.
पण मला विचारशील तर तुझं उत्तर तूच पहिल्या दोन ओळीत लिहिलंयस. सुट्टीत आठवणही येत नाही! म्हणजे ओढ फोनची कमी आणि त्या जर्नलपासून पळायची जास्त. कार्डेफेल्ट-विंथर या संशोधकांनी 2014 मध्ये साधारण हेच मांडलंय, की माणूस आधी कशापासून सुटायला नेटवर जातो ते बघा. आणि रूममेटचं जे एका ओळीत उरकलंस ना, मला तिथे जास्त खटकलं. ताण तेवढाच असला तरी पाठीशी कोणी आहे असं वाटलं तर तो कमी लागतो, कोहेन आणि विल्स या मानसशास्त्रज्ञांनी 1985 मध्येच हे 'बफर' म्हणून मांडलं होतं.

तिरकस_बोलतो:
हो पण सगळं पोरावरच ढकलू नका. त्या फीडला तळच नाही, पुस्तकाचं पान तरी संपतं. शिवाय आधार आधार म्हणताय तर माझे शाळेतले मित्र चार दिशांना गेलेत, माझा आधार त्या फोनमध्येच आहे, तो कपाटात ठेवून कोणाशी बोलू, भिंतीशी?

एमए_चालू_आहे:
@तिरकस बरोबर आहे, मित्राला कॉल करणं आणि दोन तास अंगठा फिरवणं स्क्रीनटाइममध्ये एकच दिसतं, पण एक नाही. आणि खरं सांगायचं तर यातले बरेचसे अभ्यास एकदाच फॉर्म भरून घेतलेले असतात, त्यामुळे ताणामुळे फोन की फोनमुळे ताण हे त्यातून सुटत नाही. बहुतेक दोन्ही.

कपाटाची_चावी:
मी आणि माझी रूममेट परीक्षेत एकमेकींचे फोन आपापल्या कपाटात टाकून चावी खिशात ठेवायचो. मागायचा असेल तर तोंडाने मागायचा, 'का हवाय' सांगून. निम्म्या वेळा कारणच सांगता यायचं नाही आणि दोघी हसत सुटायचो. पहिले तीन दिवस प्रचंड चिडचिड झाली हे आधीच सांगते. नंतर फोनपेक्षा गप्पाच जास्त व्हायला लागल्या, तो वेगळाच प्रॉब्लेम 😂 आणि झोपच उडाली असेल किंवा सबमिशन संपल्यावर पण हे असंच राहिलं तर मात्र कॉलेजच्या समुपदेशकांना भेट रे, लाजू नको.

अर्धी_आकृती:
रूममेटला विचारलं. तो म्हणाला 'मला वाटलं तुला बोलायला आवडत नाही.' त्याची पण तीच आकृती राहिलीये. फोन आता त्याच्या उशीखाली आहे, हे लॅपटॉपवरून टाइप करतोय (हो, माहितीये).