मदत हवी आहे: जॅक रसेल टेरियर खोदायचं थांबत नाही, सोसायटीकडून पत्र आलंय

नमस्कार मंडळी, आम्ही ठाण्यात मानपाड्याला राहतो, चौथा मजला. आमचा बंड्या चौदा महिन्यांचा जॅक रसेल, वजन सात किलो पण अंगात नुसती वीज. घरात गुणी आहे, लेकीच्या पायाशी झोपतो, पण खाली नेला की बागेच्या भिंतीलगत घुशींची बिळं आहेत तिथे नाक खुपसतो आणि माती उडवायला लागतो, मग हाक मारा, बिस्किट दाखवा, त्याला काही म्हणजे काही ऐकू येत नाही. रविवारी जास्वंद मुळासकट उपटली.

सासरे म्हणतात दोन फटके दे, सरळ येईल. मला नाही पटत. टेरियर हे नावच लॅटिन टेरा म्हणजे जमीन, त्यावरून आलंय. इंग्लंडमधल्या डेव्हनचे पाद्री जॉन रसेल, त्यांनी १८१९ मध्ये ऑक्सफर्डला शिकत असताना एका दूधवाल्याकडून ट्रम्प नावाची कुत्री घेतली, तिच्यापासून ही जात पुढे आली. काम काय, तर कोल्ह्याच्या बिळात शिरून भुंकून भुंकून त्याला बाहेर काढायचं. छाती दोन हातांच्या पकडीत मावली पाहिजे, नाहीतर बिळात जाणार कसा (बंड्याची मी धरून बघितली, मावते!). मालक वर, हा खाली अंधारात एकटा, काय करायचं ते याचं यानेच ठरवायचं. मग हाकेला ओ देत नाही हा उद्धटपणा कसा म्हणायचा? त्याला न मारता हे खोदणं दुसरीकडे कसं वळवायचं? येऊरच्या जंगलात बिबटे आहेत, तिकडे सोडणार नाही.

प्रतिसाद:
ताई, फटके अजिबात नकोत, घाबरून चावरा होईल. आमची नेरूळची टेरियर अकरा वर्षांची आहे. आम्ही बाल्कनीत टबात वाळू भरून दिली, आत खेळणी आणि चीजचे तुकडे पुरायचे, सकाळी वीस मिनिटं तिथे खोदू द्यायचं आणि मगच खाली न्यायचं, खाली पट्टा सोडायचा नाही. महिन्याभरात बराच फरक पडला. पावसाळ्याआधी लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस) लसीचा बूस्टर डोस झालाय का बघा, घुशींच्या लघवीतून पसरतो हा आजार. आणि सगळ्यात आधी त्या बिळांत पेस्ट कंट्रोलवाले औषध टाकतात का ते विचारा, ते खाल्लेली घूस याने पकडली तरी याला विषबाधा होऊ शकते.

धागाकर्ती:
दादा, औषधाचं डोक्यातच आलं नव्हतं. आत्ता वॉचमनकाकांना विचारून आले, गेल्याच आठवड्यात टाकलंय म्हणे. हातपाय गार पडले माझे. लगेच डॉक्टरांना फोन केला, उद्या सकाळी दाखवायला नेतेय, तोवर लघवी-शीत रक्त दिसतंय का, हिरड्या पांढऱ्या पडतायत का ते बघायला सांगितलंय. वाळूसाठी घमेलं पुरेल का हो, की मोठा टबच लागेल?